लोणच्याच्या बरणीतले हात

तो हेर होता का, हे विचारायला अजूनही माणसं माझ्याकडं येतात. मागच्या महिन्यात कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. अमेरिकेतला एक कवी निजामाच्या काळात धाराशिवला येऊन चार वर्षं मास्तरकी करत होता, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. त्याच्याबरोबर काम केलेला मी एकटाच आता उरलोय. बाईंनी वही काढली, पेन काढलं. मी आधी त्यांनाच विचारलं, तुम्ही कुणाच्या, कशासाठी लिहिताय, लिहून झालं की कागद कुणाला देणार? बाई हसल्या. मी नाही हसलो. लिहिलेला कागद कुठं जाऊन पोचतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. आमची ही म्हणायची, तुमच्या हातावर प्रसाद ठेवला तरी तुम्ही आधी खडा बघता. खोटं नाही ते. दूधवाला लवकर आला की मला वाटायचं आज पाणी जास्त घातलंय, आणि उशिरा आला तरी तेच वाटायचं. अशा माणसाच्या शेजारी देवानं तो गोरा आणून बसवला. आता दोष कुणाला द्यायचा?

आमचा सरकारी ट्रेनिंग वर्ग होता. गावोगावचे प्राथमिक मास्तर, सरकारी भाषेत मुदर्रिस, पंचविशी ते चाळिशीतले लेकुरवाळे बाप्ये, वर्षभर धाराशिवला राहून शिकवायचं कसं ते शिकायचे. मी त्यांना उर्दू शिकवायचो आणि इमला घालायचो. इमला म्हणजे मी मोठ्यानं वाचायचं आणि बावीस जणांनी खाली मान घालून उतरवून घ्यायचं. माझ्या तासाला बावीस वह्या उघडल्या तर बावीस वह्यांत एकच मजकूर, एका काना-मात्रेचा फरक नाही. इन्स्पेक्टर यायचे ते माझ्या वह्या बघून मान डोलवायचे. मला त्याचा लई अभिमान होता.

तिथं हा इंग्रजी आणि निबंध शिकवायला आला. येडशीला छोट्या गाडीतून उतरून टांग्यानं आला. बरोबर पत्र्याची एक पेटी आणि एक छत्री. वय चाळिशीचं, उंच, हडकुळा, लग्न नाही. गाव त्याला ‘बिनमडमेचा साहेब’ म्हणायला लागलं. कुणी म्हणायचं बाटवायला आलाय, कुणी म्हणायचं निजामानं काँग्रेसवाल्यांवर नजर ठेवायला आणलाय, कुणी म्हणायचं इंग्रजानं निजामावर नजर ठेवायला पाठवलाय. मला तिन्ही गोष्टी पटायच्या. मी एवढाच हिशेब केला की ज्याला अमेरिका सोडून धाराशिवला यावंसं वाटतं, त्याचं एक तर डोकं बिनसलंय नाहीतर काहीतरी शिजतंय.

मी त्याची माहिती काढली. माझी एक रीत होती. एकच प्रश्न तीन वेळा विचारायचा, दोन-दोन महिने सोडून, आणि उत्तरं जुळतात का बघायचं. त्यानं तिन्ही वेळा सांगितलं की बाप मका पिकवायचा आणि डुकरं पाळायचा. तिन्ही वेळा सांगितलं की विसाव्या वर्षी तो एका खोलीच्या शाळेत मास्तर झाला, आणि तिथं मास्तरनंच सकाळी आधी जाऊन शेगडी पेटवावी लागायची, नाहीतर पोरांची बोटं थंडीनं आखडायची. पुढं त्याचं कवितांचं एक बारीकसं पुस्तक निघालं. कुणी घेतलं नाही. गठ्ठे बापाच्या मक्याच्या कोठारात ठेवले, ते उंदरांनी वाचले, असं तो म्हणायचा. मग निजामाच्या सरहद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात, एका मिशनच्या शाळेत आठ वर्षं. तिथं वर्गाआधी प्रार्थना सांगायची असायची. एक दिवस तो म्हणाला, मी जे पाहिलेलं नाही ते पोरांना कसं सांगू? मिशनवाल्यांनी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला.

सगळं जुळायचं. त्यानं माझा संशय आणखी वाढला. खरं सांगणारा माणूस कुठंतरी चुकतो.

राहायला त्यानं आमच्या भिंतीला लागूनच्या दोन खोल्या घेतल्या. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारी माणसं, घरात कांदा चिरतानासुद्धा वार बघणारी. भिंतीपलीकडं काय शिजेल या भीतीनं ही चार दिवस नाकाला पदर लावून हिंडली. पाचव्या दिवशी तो दारात आला आणि अदबीनं म्हणाला, “वहिनी, तुमच्या घरातून ठेच्याचा वास येतो. तो कसा करतात?” हिनं भाकरीवर ठेचा दिला. डोळ्यांतून धारा लागल्या तरी तो खात राहिला आणि अजून मागितला. त्या दिवसापासून हिचा तो भाऊजी झाला. बायकांना एवढंच लागतं. मी मात्र लक्षात ठेवलं की डोळ्यांत पाणी आणूनही जो खातो तो काहीतरी मिळवायला बसलाय.

त्याच्या एकेक तऱ्हा. आमच्या गळ्यात लिंग, तशी त्याच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. वही जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची, स्वतः दाभणानं शिवलेली. सगळ्यांना तो अहोजाहो करायचा. शिपायाला, हमालाला, कुत्र्यालासुद्धा. आमच्या बोळात एक लंगडं कुत्रं होतं. त्याला म्हणायचा, “तुम्ही जेवलात का?” रस्त्यानं चालताना मांडीवर बोटं आपटत जायचा. ओळीचे ठोके मोजतो, असं त्यानं मला सांगितलं. बाजारात मात्र बोलवा झाली की हा गोरा माणसं मोजतो. लोकांनी तो दिसला की पोरं घरात घ्यायला सुरुवात केली. मी कुणाला समजावलं नाही, कारण मलाही ते खोटं वाटत नव्हतं.

आणि ती बरणी. हिनं त्याला कैरीचं लोणचं दिलं होतं. ते संपल्यावर त्यानं बरणी धुतली आणि तिच्यात कविता ठेवायला लागला. लिहिली की घडी घालून आत, वर फडकं बांधायचं. महिन्यानं काढून वाचायची, चांगली वाटली तर पेटीत, नाहीतर चुलीत. बहुतेक चुलीतच जायच्या. ही म्हणायची, बरोबरच आहे, मुरल्याशिवाय कसं कळणार? आमच्या घरची बरणी आणि तिच्यात काय आहे ते मला वाचता येत नाही, ह्यानं मला झोप लागायची नाही. माझं इंग्रजी पाटीवर नाव लिहिण्यापुरतं.

तेव्हा अमीनसाहेबांनी, म्हणजे पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनी, मला बोलावून सांगितलं की ह्या गोऱ्यावर नजर ठेवा आणि दर गुरुवारी एक कागद आणून द्या. खोटं कशाला बोलू, मी भ्यालो म्हणून नकार दिला नाही, असं मी पुढं लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं. मला ते काम आवडलं. आयुष्यभर ज्या संशयाला घरात कुणी किंमत दिली नाही, त्याला सरकार दर आठवड्याला कागद पुरवत होतं. मी गुरुवारी दुपारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून लावून लिहायचो, म्हणजे अक्षर शाईसारखं जांभळं उमटावं आणि खोडता येऊ नये. ‘आज सदर इसमाने कुत्र्याशी दहा मिनिटे बोलणे केले. कुत्रे कोणाचे, हे समजले नाही.’ असले कागद. दोन वर्षं.

वर्गात तो काय शिकवायचा ते सांगायला हवं. आला त्या आठवड्यात त्यानं मास्तरांना गाईवर निबंध लिहायला सांगितला. बावीस जणांनी लिहिलं, गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला चार पाय असतात. त्यानं विचारलं, “ही गाय कुणाची?” कुणाचीच नव्हती. पुस्तकातली होती. त्यानं सगळ्यांना उठवून बाहेर नेलं आणि तहसिलीमागं बांधलेल्या एका गाईसमोर तासभर उभं केलं. आमचे मुख्याध्यापक खिडकीतून बघून कपाळाला हात लावून बसले. परत आल्यावर कुणी लिहिलं की तिच्या कानाला गोचीड आहे, कुणी लिहिलं ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या टोपीकडं बघत होती. तो इतका खूश झाला की त्या दिवशी जेवायचं विसरला. फळ्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं, ‘पाहिलं असेल तेच लिहा.’ चार वर्षं ती ओळ पुसली नाही. माझ्या तासाला मी तिच्यावर नकाशा टांगायचो.

मला त्यात हेरगिरी दिसली. खेड्याखेड्यातले बावीस मास्तर, आणि हा त्यांना सांगतोय घरचं लिहा, दारचं लिहा, पाहिलेलं लिहा. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग ते वाईट वर्ष आलं. इंग्रज गेला होता, निजाम हटत नव्हता, रझाकारांचे दिवस होते. सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या आपल्या पोरांचे कॅम्प पडले होते. कुणाचा भाऊ कुठं आहे हे घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. शोभेच्या दारूला बंदी झाली होती, त्या दिवाळीला एक फटाका वाजला नाही. थंडी पडल्यावर त्यानं वर्गाला निबंध दिला, ‘माझ्या घरातल्या एका माणसाचे हात.’

वह्या मास्तरांच्या खोलीत टेबलावर पडलेल्या असायच्या. तो कधी कुलूप लावायचा नाही, हेही मी कागदात लिहिलं होतं. तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी वरची वही उघडली. तेरखेड्याच्या मास्तरची होती. तेरखेडा म्हणजे दारूकामाचं गाव, घरोघरी फटाके. त्यानं थोरल्या भावाचे हात लिहिले होते. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी, लहानपणी सुतळी बाँबनं नेलेली. ‘यंदा बंदी आहे. गावातल्या सगळ्यांचे हात उजळले. दादाचे हात मात्र मनगटापर्यंत काळेच आहेत. ते दार लावून कोळसा घोटतात. जेवताना आई त्यांच्या हाताकडं बघते आणि काही विचारत नाही.’

मला काय दिसलं असेल? मला भाऊ दिसला नाही, आई दिसली नाही. मला दिसला तो गोरा. सापडला, म्हटलं. हा असली माहिती काढतो. मी ते जसंच्या तसं उतरवलं, खाली लिहिलं की पाहा, सदर इसम मुदर्रिसांकडून काय काय लिहवून घेतो. गुरुवार होता. पेन्सिलीला थुंकी लावत लावत सुरेख अक्षरात लिहिलं.

अमीनसाहेबांनी कागद वाचला. एरवी ते अर्ध्यातच बाजूला ठेवायचे. ह्या वेळी दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. गोऱ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “ये तेरखेडे का मुदर्रिस कौन है?”

मी काय करून बसलो ते मला समोरच्या माणसाच्या तोंडून कळलं. सरहद्दीवर बंदुकीची दारू कुठून जाते ते हे लोक महिनोन्‌महिने शोधत होते, आणि मी ते सुवाच्य अक्षरात नेऊन दिलं होतं. ते म्हणाले, तेरखेडा माझ्या हद्दीत नाही, तिथल्या अमीनाकडं पाठवायला वही हातात पाहिजे. उद्या जुम्म्याची सुट्टी. शनिवारी वर्गात येतो, तोवर तोंड बंद ठेवा.

मी घरी आलो नाही. तसाच भिंतीपलीकडं गेलो. तो कंदील पुसत बसला होता. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, अमीन, कागद, तेरखेडा. वाटलं आता हा ओरडेल, निदान उठून उभा तरी राहील. त्यानं काच खाली ठेवली.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “दर गुरुवारी तुमची जीभ जांभळी असते.”

दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस माझ्या जांभळ्या जिभेशी गप्पा मारत होता, माझ्या बायकोची भाकरी खात होता, आणि मला अहो म्हणत होता. मला एवढी शरम कधी वाटली नव्हती. आणि लिहितोय तर लिहून टाकतो, त्या शरमेतसुद्धा मनात आलं की हा गप्प का राहिला, ह्याचा ह्यात काय डाव?

त्यानं विचारलं, अमीनसाहेबांना कोणता कागद लागेल? मी म्हटलं, वही. तेरखेड्याच्या मास्तरनंच लिहिलंय हे दाखवणारी वही. फाडून टाकली तर? फाडली तर जास्त संशय येईल, मी म्हटलं, एवढं मला कळतं. मग तो बराच वेळ मांडीवर बोटं आपटत बसला. शेवटी म्हणाला, “उद्या तुम्ही इमला घाला.”

गोऱ्यानं रात्रीच सावध केलेला तेरखेड्याचा मास्तर शुक्रवारी सकाळच्या पहिल्या मोटारीनं गावी गेला, भावाचं आवार साफ करायला. उरलेले एकवीस बोर्डिंगमधून वर्गात आले. गोऱ्यानं त्यांना सरळ सांगितलं की अमीनसाहेबांना एका निबंधाचं कळलंय, एका माणसाच्या जिवावर बेतलंय, म्हणून तोच निबंध सगळ्यांच्या वहीत पाहिजे. ज्याला भीती वाटत असेल त्यानं उठून जावं, राग नाही. कुणी कळवलं ते त्यानं सांगितलं नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. कुणी उठलं नाही.

मग त्यानं एकवीस वह्यांतली हातांची पानं स्वतःच्या हातानं काढली. सांभाळून, शिवण न उसवता. कुणी आईचे हात लिहिले होते, कुणी बायकोचे, एकानं मेलेल्या बापाचे. तो मास्तर पान देताना रडायला लागला. गोरा त्याला म्हणाला, मी हे सांभाळीन, आणि सगळी पानं नीट जुळवून घेतली.

आणि मी इमला घातला. आयुष्यात हजार वेळा घातला असेल. ‘दादाचे हात मात्र मनगटापर्यंत काळेच आहेत. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम.’ एकवीस टाक एकदम कुरकुरले. ‘जेवताना आई त्यांच्या हाताकडं बघते,’ इथं मी वाक्य पुन्हा वाचलं, कुणी मागितलं नसताना. गुरुवारी मी हेच वाक्य उतरवलं होतं आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. समोर फळ्यावर त्याची ती ओळ होती, ‘पाहिलं असेल तेच लिहा’, आणि तिच्याखाली बसून एकवीस माणसं न पाहिलेला भाऊ लिहीत होती. तो खिडकीशी पाठ करून उभा होता. चार वर्षं ज्या गोष्टीशी भांडला तीच करवून घेत होता.

दुपारी तो बरणी घेऊन आमच्याकडं आला. वहिनी, तुमची बरणी परत करायची राहिली होती, म्हणाला. मी फडकं सोडून बघितलं. आत ती एकवीस पानं ठासून भरली होती. मी विचारलं, तुमच्या कविता? त्या पेटीत ठेवल्या, म्हणाला. झडती होणार, पेटी नेणार, मी म्हटलं, कविता माझ्याकडं द्या. दुसरी बरणी शोधतो.

“झडतीला काहीतरी सापडायला पाहिजे,” तो म्हणाला. “रिकामं घर दिसलं तर ते शेजारी येतील.”

ही स्वयंपाकघरात उभी होती. तिनं बरणी घेतली आणि मिठाच्या रांजणामागं ठेवली. तिला मी सगळं सांगितलं होतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

शनिवारी अमीनसाहेब दोन जवान घेऊन आले. तेरखेड्याचा मास्तर रात्रीच परतला होता, आपल्या जागेवर बसला होता, पांढराफटक. अमीनसाहेबांनी त्याची वही उघडली, वाचली, समाधानानं मिटली. मग सहज म्हणून दुसरी उघडली. तिच्यातही दादाचे हात काळे. तिसरीत काळे. परांड्याच्या मास्तरचा दादा, तुळजापूरच्या मास्तरचा दादा, सगळ्यांची दोन बोटं अर्धी. नवव्या वहीला ते थांबले. पानावर अंगठा फिरवून त्यांनी शाई बघितली. तो माणूस मूर्ख नव्हता. माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, हुजूर, माझी चूक झाली. मी वरची एकच वही पाहिली, बाकीच्या उघडल्या नाहीत. माझा स्वभाव संशयी आहे, घरात बायकोसुद्धा म्हणते. ते म्हणाले, दोन वर्षं असेच कागद देत होता? मी म्हटलं, जी.

बावीस माना माझ्याकडं वळल्या. त्यांना तोवर माहीत नव्हतं. आता कळलं. तेरखेड्याच्या मास्तरनं माझ्याकडं जसं बघितलं, ते मी कुठं लिहिणार नाही.

गोरा पुढं झाला. हा निबंध मी रचला आणि सगळ्यांना उतरवून दिला, असं त्यानं सांगितलं. असा भाऊ कुठं नाही. मी कवी आहे आणि कवी खोटं लिहितात. ज्यानं प्रार्थना सांगायची नाकारून नोकरी सोडली होती, तो हे सरळ चेहऱ्यानं बोलला. अमीनसाहेब म्हणाले, बंदी असताना सरकारी वर्गात दारूकामाचा मजकूर? तो म्हणाला, चूक झाली.

त्याची पेटी गेली. चार वर्षांच्या कविता, सगळ्या शिवलेल्या वह्या, गळ्यातली पेन्सिलसुद्धा. सात दिवसांत मुलूख सोडायचा हुकूम झाला. त्या कवितांचं पुढं काय झालं कुणाला ठाऊक नाही. कॉलेजच्या बाईंनी तेच पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं की त्याच्यापाशी बरणी एकच होती.

येडशीला त्याला पोचवायला मास्तर गेले होते. मीही गेलो, पण लांब उभा राहिलो, कारण माझ्या शेजारी कुणी उभं राहीना. त्याच्या गळ्याभोवती दोऱ्याची जागा पांढरी राहिली होती, बाकी मान उन्हानं रापलेली. तो एकेकाला हात जोडत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. म्हणाला, “त्या लंगड्यांना भाकरी टाकत जा.” कुत्र्याला म्हणायचं होतं त्याला. मी टाकत गेलो. शेवटपर्यंत.

पोलीस ॲक्शन झालं, निजामी गेली. मी बरणी उघडली. पानांना कैरीच्या लोणच्याचा वास लागला होता, कडा तेलकट झाल्या होत्या. टपालावर माझा विश्वास नाही, म्हणून ज्याचं त्याला पान स्वतः नेऊन द्यायला लागलो. कुणी घेतलं आणि बसा म्हणालं. कुणी दारातूनच घेतलं आणि दार लावलं. तेरखेड्याचं पान माझ्याकडं नव्हतं. ते वहीबरोबर अमीनसाहेबांकडं गेलं होतं, आणि नसतं गेलं तरी तिकडं जायची माझी छाती नव्हती.

त्या दिवाळीत, वसुबारसेला, दुपारी दारात एक माणूस आला. डोक्यावर टोपली, वर बारदान.

“ट्रेनिंगचे मास्तर हितंच ऱ्हात्यात व्हय?”

मी हात बघितले. नाव विचारायची गरज पडली नाही. मी म्हणालो, अमीनाला तो कागद मी दिला होता. आधी तेच बोललो, पाणीसुद्धा न विचारता.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “धाकट्यानं तवाच सांगितलं.” त्यानं टोपली खाली ठेवली. “गोरे मास्तर जाताना त्याला म्हणले, बंदी उठली की ह्यांच्या घरी दारू न्या. इमला ह्यांनीच घातला. औंदा उठली, म्हून आलो.”

धाकटा नाही आला का, मी विचारलं.

“न्हाय. त्यो न्हाय यायचा.”

मी टोपलीकडं बघितलं. आता हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. माझ्या मनात आलंच, की ह्या माणसाला मी फासावर चढवत होतो, आणि हा मला दारू आणून देतोय. ही आतून बघत होती. मी म्हणालो, पहिला तुम्हीच लावून दाखवा.

त्याला कळलं. तो मोठ्यानं हसला. अंगणात उकिडवा बसून त्यानं एक भुईनळा काढला, उदबत्ती मागितली आणि भर उन्हात पेटवला. उन्हात भुईनळा फिका दिसतो, नुसता धूर आणि थोडं चांदणं. विझेपर्यंत तो तिथून हलला नाही, हात नळ्याच्या अगदी जवळ धरून बसला, मला दिसावं म्हणून. मनगटापर्यंत काळे, उजव्याची दोन बोटं अर्धी. अगदी लिहिलं होतं तसे.

तो हेर होता का, बाईंनी जाता जाता पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हेर होता तो मी. आणि त्या हातांचं लिहून घ्या, ते मी पाहिलेले आहेत.